उतारावरचा तेरडा

मुलुंड, गौरी आवाहनाची संध्याकाळ

शी! हाताचा वास अजून जात नाही. आमच्याकडे गौर म्हणजे तेरडा, मुळांसकट आणलेला. मूळ तुटलं तर ती गौर नव्हे, असं सासूबाई दरवर्षी बजावतात. बिल्डिंगमागच्या उतारावर तो आपसूक उगवतो, भाद्रपदात अख्खा उतार गुलाबी होतो. आज सूप घेऊन गेले तर सगळा पिवळा, लुळा पडलेला. औषधाचा उग्र दर्प. एक रोप ओढलं, तर कुजकं मूळ बोटांना चिकटलं.

सोसायटीच्या सेक्रेटरी वहिनीही तिथेच, सूप घेऊन उभ्या.

"गवत मारायला सांगितलेलं गं. तेरडा कशाला मारला मेल्यांनी?"

"फवारणाऱ्याला काय कळणार, वहिनी, आपली गौर कुठली नि गवत कुठलं?"

मोठी शहाणी मी! शेवटी बाजारातून जुडी आणली. सासूबाईंनी ती उलटी करून आधी मूळ शोधलं. नव्हतंच. देठ कापलेले.

"आपला तेरडा कोणी मारला गं?"

"सोसायटीने," म्हटलं मी.

डास होतात, मागचं रान मारून टाका, हा अर्ज माझ्याच अक्षरात आहे. पहिली सहीही माझीच. त्याच हातांनी आज गौरीला हळदकुंकू लावलं. तीनदा साबण लावूनही वास जात नाही.