तिकीट खिडकीची खुर्ची ताईंना परत देण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
सार्वजनिक जलतरण तलाव.

विषय : अर्जदारास दिलेले सावलीतील काम काढून घेण्याबाबत.
संदर्भ : शस्त्रक्रियेनंतर रुजू होताना आपण दिलेला तोंडी आदेश.

महोदय,

अर्जदार आपल्या उघड्या तलावावर जीवरक्षक आहे. त्याच्या कानावरची न भरणारी बारीक जखम त्वचेचा कर्करोग निघाली. सुरुवातीलाच सापडल्याने शल्यचिकित्सकांनी जागेपुरती भूल देऊन ती भोवतालच्या थोड्या निरोगी कातडीसह काढली; तपासणीत कापलेल्या कडा रोगमुक्त आल्या. मात्र आजार उलटू नये म्हणून भर उन्हात थांबू नये, रुंद काठाची टोपी व अंगभर कपडे घालावेत, ऊन अडवणारे मलम लावावे आणि ठरल्या वेळी त्वचा दाखवून जावी, असे त्यांनी बजावले. हे कळताच आपण अर्जदारास तिकीट खिडकीत बसवले. हे उपकार तो विसरणार नाही.

२. परंतु त्या खुर्चीवर वर्षानुवर्षे बसणाऱ्या ताईंना त्याच दिवशी फाटकावर, उन्हात, तिकिटे तपासायला पाठवण्यात आले. उन्हाने त्यांचे डोके उठते, हे सर्वांना ठाऊक आहे. अर्जदाराने विषय काढला तेव्हा त्या म्हणाल्या, "दादा, तुमचं जिवावरचं दुखणं. माझं काय, गोळी घेतली की झालं." वर स्वतःची उशीही खुर्चीवर ठेवून गेल्या.

३. गेल्या आठवड्यात त्या फाटकाशी चक्कर येऊन पडल्या. पडण्याआधी त्या भिंतीचा आधार शोधत असताना अर्जदार काचेतून पाहत होता. बाहेर गेलो तर ऊन लागेल, हा विचार त्याच्या मनात आधी आला. धावला तो नंतर. पाण्यात उडी घेताना असा विचार त्याला कधी शिवला नव्हता. तेव्हापासून त्याला त्या उशीवर बसवत नाही. तो उभ्यानेच तिकिटे फाडतो, आणि खिडकी बुटकी असल्याने लोकांना त्याचे फक्त पोट दिसते. तशी तक्रारही आपल्याकडे आली असेल.

४. तरी ताईंना खिडकी परत द्यावी. अर्जदारास ऊन चढण्याआधीची व उतरल्यानंतरची पाळी द्यावी. दुपारची पाळी घ्यायला बाकीचे जीवरक्षक तयार आहेत. ते जमत नसल्यास फाटकावर छप्पर घालून तेथे त्यालाच उभे करावे. तेही न जमल्यास कपडे बदलण्याच्या खोल्या धुण्याचे काम द्यावे.

५. या अर्जावर ताईंचीही सही घ्यायची होती. त्यांनी तो वाचून परत दिला. म्हणाल्या, "मी सही करायची आणि तुम्ही उन्हात जायचं? मला नाही जमायचं." म्हणून एकट्याच्या सहीने सादर.

आपल्या दयेने ओशाळलेला,
आपला नम्र,
(सही)
जीवरक्षक, हल्ली तिकीट खिडकी

दिनांक : १२ एप्रिल

सोबत : शल्यचिकित्सकांचा लेखी सल्ला व तपासणी अहवालाची प्रत.