पांढरी प्लेट

अहो,

ऐकताय ना? आज जे झालं ते सांगायला तुम्हीच हवे होतात, म्हणून लिहायला बसले.

माझा खोकला हटेना, तेव्हा थोरल्यानं मला वाशीमला नेऊन छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी एक्स-रेची प्लेट उजेडाला धरली. दोन्ही बाजू काळ्याभोर! म्हणाले, "छान आहे, हवा भरपूर आहे." मी तिथंच हसले आणि हसता हसता रडायला लागले.

"माय, काहून रडून राह्यली? चांगलं हाय म्हनते ना डाक्टर!" थोरला घाबरलाच. त्याला काय सांगू?

तुमच्या पहिल्या प्लेटवरचा तोच काळा रंग पाहून आपण गार पडलो होतो. छातीत कॅन्सरची गाठ आहे, एवढंच कळलं होतं. कुठं आहे ते कुणी बोट ठेवून दाखवलं नाही. तुम्ही म्हणालात, "पाह्य वं सुमन, बिड्याईचा धूर साचला सारा." त्या दिवशी बिडी सुटली. मी इतकी वर्षं भांडले तेव्हा नाही ऐकलंत हो!

मग नागपूरला गाठीवर किरणांच्या यंत्राचा शेक घेऊन आलात. थोडे दिवस बरे गेले आणि कोरडा खोकला, धाप सुरू झाली. नागपूरला दाखवायला म्हणून वाशीमला नवी प्लेट काढली. ती तुम्ही विहिरीवर उन्हात धरलीत. उजवी बाजू पांढरी! जन्मभर बाजारासाठी मुळे धुतलेला माणूस तुम्ही. चिखल गेला की पांढरं निघतं, हेच ठाऊक.

"धूर साफ धुऊन निंगाला, पाह्य!"

मीही खुळी, लगेच मान डोलावली. शेजारीपाजारी गूळ वाटला. तुम्ही हट्टानं बाजारात येऊन बसलात आणि हाळी दिलीत, "मुळा घ्या, मेथी घ्याऽऽ!" 'मेथी'वरच धाप लागली, तरी हसत होतात. काय दिवस होता तो!

नागपूरचे डॉक्टर म्हणाले, गाठ आटली आहे, पण हे पांढरं म्हणजे शेकानं आलेली सूज. चांगल्या फुप्फुसात हवा असते, ते काळंच दिसतं. तुम्ही प्लेट पुन्हा उजेडाला धरलीत.

"मंग आमी गूळ कायले वाटला जी?"

डॉक्टरांनी सूज उतरायला गोळ्या लिहून दिल्या.

त्या मी वेळच्या वेळी दिल्या. सूज उतरली नाही. गाठ तर आटली होती ना? मग जायची एवढी काय घाई होती तुम्हाला?

पांढरं पाहून हरखलो ती चूक होती, कळतं मला. पण देवानं एक दिवस परत देतो म्हटलं, तर मी तो गुळाचाच दिवस मागेन. तुम्ही विहिरीवर उभे, प्लेट उन्हात, आणि तोंडभर हसू. फार आठवण येते हो.

तुमच्यामागं मी बाजारात मुक्यानं बसते. गिऱ्हाईक विचारतं, "बाई, हाळी काहून देत नाई?" मी भाजीवर पाणी शिंपडत राहते. हाळी तुमची होती.

पण आज डॉक्टर म्हणाले, छातीत हवा भरपूर आहे. तेव्हा ऐका, उद्याच्या बाजारात मी हाळी देणार. आणि 'मेथी'वर थांबणार नाही.

तुमचीच,
काळ्या प्लेटची सुमन