चौदा नंबरचा तुकडा

हापाकांगास, ६ सप्टेंबर

प्रिय हिल्का,

एकवीस वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस. मी धडधाकट आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. यंदा रानात ब्लूबेरी इतक्या आल्या की माझ्या बायकोने, आउनेने, मुरंब्याच्या बरण्या वाटून वाटून शेजाऱ्यांना पळवून लावलंय. आता ते आम्हाला पाहून रस्ता बदलतात.

गावाच्या सामाईक जंगलात मागच्या हिवाळ्यात तोड झाली. आपल्या जुन्या वन-ऑफिसच्या, झाडांच्या वाढीचा अंदाज बांधणाऱ्या मॉडेलने जेवढं लाकूड सांगितलं होतं, त्याच्या दोन-तृतीयांशच निघालं. तोडणीचं यंत्र चालवणारा राइमो चारचौघांत मला म्हणाला, "काय हो साहेब, तुमच्या कागदावरचं जंगल कुणी चोरून नेलं?" सगळे हसले. मीही हसलो. ही तूट भरून काढायला नदीकाठचं कोवळं रान दहा वर्षं आधीच पाडायचं घाटत होतं.

चौदा नंबरचा तुकडा तू विसरली नसशीलच. चर खणून आटवलेल्या दलदलीवरचे स्प्रूस वृक्ष. गावाचं जंगलही तसल्याच जमिनीवर आहे, आणि तसल्या जमिनीवरचा आपल्याकडचा मोजणीचा सर्वांत जुना तुकडा तोच. दर पाच वर्षांनी मी तिथली दोनशे बारा झाडं मोजायचो आणि त्या आकड्यांवर मॉडेल उभं राहायचं. २००४ साली तू तुझं नवं मॉडेल मांडलंस, की अशा स्प्रूसची वाढ साठीनंतर मंदावते. चौदा नंबरचे आकडे म्हणत होते, मंदावत नाही. मोठे साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "पोरी, आधी जंगल बघून ये, मग गणितं मांड." तू माझ्याकडे वळलीस. "ओइवा, तुम्ही तरी सांगा, नीट मोजलंय ना?" मी म्हणालो, "मोजलंय." बर्फ वितळायच्या आत तू राजीनामा देऊन ओउलूच्या विमा कंपनीत निघून गेलीस.

हिल्का, १९८९च्या ऑक्टोबरात मी तिथे गेलोच नव्हतो. आजारपण नव्हतं, वादळ नव्हतं. एल्क हरणांच्या शिकारीचे दिवस होते आणि आमची टोळी निघाली होती. स्वयंपाकघरात कॉफी पीत, आधीच्या आकड्यांत अंदाजाने वाढ मिळवत, सगळी झाडं मी एका सकाळी भरून टाकली. म्हटलं, पुढच्या खेपेला नीट मोजू. पुढच्या खेपेला खरंच मोजली, तर ती कागदावरच्या आकड्यांपेक्षा बारीक निघाली. झाडं काही आखडत नाहीत. खरं लिहिलं असतं तर पकडलो गेलो असतो, म्हणून नवे आकडेही फुगवले. मग त्याच्या पुढचेही. मी निवृत्त झालो त्या वर्षी तो तुकडा मोजणीतून वगळला, आकडे मात्र मॉडेलात राहिले.

ऑगस्टमध्ये आउनेला सगळं सांगितलं. ती बटाटे सोलत होती. सोलता सोलताच म्हणाली, "आणि मला वाटत होतं, एल्क मिळाला नाही म्हणून तू तेव्हा महिनाभर तोंड पाडून बसला होतास." दुसऱ्या दिवशी ती स्वतः वही घेऊन माझ्याबरोबर चौदा नंबरकडे निघाली. तीन दिवस मी खोडं मोजली, तिने लिहिलं. संध्याकाळी आलेखाच्या कागदावर ठिपके मांडले. तुझ्या मॉडेलची जुनी रेघ मी जपून ठेवली होती. ठिपके तिच्यावरच येऊन बसले.

सोमवारी सगळे आकडे ऑफिसात दिले, खाली माझी सही करून. गावच्या सभेतही उभा राहून सांगितलं. राइमोने या वेळी थट्टा केली नाही. नदीकाठची तोड थांबवली आहे. ऑफिसच्या नव्या प्रमुख बाईंनी विचारलं, हे हिशेब आता नव्याने कोण मांडेल? मी तुझं नाव दिलं. त्यांचा फोन येईल. हो म्हण, नाही म्हण, ती तुझी मर्जी. पण त्याआधी हे तुला माझ्याकडूनच कळायला हवं, म्हणून हे पत्र. तुझं मॉडेल बरोबर होतं, आणि तू ते मांडलंस त्याच दिवशी मला ते ठाऊक होतं. क्षमा मागायची हिंमत होत नाही. उत्तर नाही आलं तरी मी समजेन.

तुझाच,
ओइवा