चकचकीत फरशी

रविराज,

आई गेल्याचा तुझा फोन आला तेव्हा मी चाकणला कंपनीत होतो, हातात पॉलिश केलेला पार्ट होता. बाथरूममध्ये पाय घसरला, एवढंच तू सांगितलंस. ती फरशी कुणी निवडली, हे तू आजवर विचारलं नाहीस. मी निवडली.

घर घेतलं तेव्हा दुकानात तिनं खरखरीत फरशी दाखवली होती. "अहो, हिच्यावर पाय घट्ट बसतो," म्हणाली. मी वरून अंगठा फिरवला. सत्तावीस वर्षं कंपनीत तेच केलं, अंगठ्याला खरखर लागली की माल रिजेक्ट. "असला माल आम्ही भंगारात टाकतो," म्हणालो. दुकानदार हसला. तिनं तो नमुना परत रॅकवर ठेवला.

काल तू आणि स्वरूपानं बाथरूमसाठी परत चकचकीत फरशीच पसंत केलीत. म्हणे, "बाबा, हॉटेलसारखं दिसेल." दिसायचं ते हॉटेलात दिसू दे. स्वरूपाला सातवा लागलाय, याचं भान तुला नाही. त्या दिवशी दुकानात मलाही असं भान नव्हतं. मी रहाटणीला दुकानात चाललोय, ऑर्डर बदलून खरखरीत सांगतो. फोन करून भांडू नकोस, मी उचलणार नाही.

नळ, शॉवर, बेसिन स्वरूपाला आवडेल ते घ्या, मी त्यात बोलणार नाही. मिस्त्री दहाला येईल, त्याला चहा दे आणि आत ने. परवा जुनी फरशी फोडायला आला होता तेव्हा मीच त्याला दारातून परत पाठवलं.

आई पडली ती फरशी अजून फोडायची राहिली आहे.