प्रीतीचा नवा पेरू

मुधोळ
५ जुलै २०२५

चि. सौ. नीलिमास केशवमामाचे अ. उ. आ. वि. वि.

इकडे सर्व ठीक. तुझ्या मामीचा गुडघा बरा आहे. माझा घसा त्याहून बरा आहे, गणपती मंडळाचं भाषणाचं बोलावणं आत्ताच येऊन गेलं. पण परवा फोनवर तुझ्या प्रीतीचं बोलणं ऐकल्यापासून अन्न गोड लागत नाही. तुला फोन करत नाही, कारण मी बोलू लागलो की तू हो-हो करत भाजी निवडतेस. पत्र वाचावं लागतं.

पोर म्हणाली, की शाळेत तिला नवा पेरू मिळाला आणि फादरांनी स्वतः वरून पाणी घातलं. माझा जन्म या मराठी-तेलुगू सरहद्दीवर गेला. तेलुगूत पेरू म्हणजे नाव, हे मला कोणी शिकवायला नको. नवं नाव आणि वरून पाणी! बाप्तिस्म्याला आणखी काय व्हायचं राहिलं? चौथीतली पोर, मराठीत निम्मं तेलुगू मिसळून बोलणारी. आपलं काय होऊन राह्यलं, हे तिला तरी कुठं कळतं?

आदिलाबादला त्या शाळेचा फलक मी वाचला आहे. शरीर, बुद्धी, मन आणि आत्मा यांचा सर्वांगीण विकास! शरीर घडवा, मैदान आहे. बुद्धी घडवा, पुस्तकं आहेत. मनासाठी पेटी शिकवा, पोरांना शर्टाची बटणं लावायला शिकवा, मी व्यासपीठावरून तुमचं कौतुक करीन. पण आत्म्याचा तास कोणत्या वारी असतो, आणि तो घेतं कोण? बायबल मी दोनदा वाचलं आहे. माझं भांडण येशूशी नाही, आईबापांना न विचारण्याशी आहे.

जावईबापू वैभवरावांशी बोललो, त्यांना पटलं. खुलासा होईपर्यंत प्रीती घरी राहील. खुलासा झाला नाही, तर दसऱ्यापासून ती इथे माझ्याजवळ शिकेल.

हवं तर रागाव, पण माया आटू देऊ नकोस.

तुझा
केशवमामा


जैनथ
१२ जुलै २०२५

ती. स्व. मामांना नीलिमाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. ह्यांनी ऑटोवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलं, ते पत्राच्याही आधी. पोर रोज दप्तर भरून ओट्यावर बसते अन् विचारते, की आई, माझं काय चुकलं?

खोटं काऊन बोलू, संशय मलाही आला. नवं नाव काय म्हणून विचारलं, तर ती हसली; मला हसण्याचाही संशय आला. काही माळ-बिळ दिली का म्हणून तिच्या गणवेशाचे खिसे झाडले. माती निघाली. मग मातीचाही संशय आला.

शेवटी काल ह्यांना न सांगता एकटीच बसनं आदिलाबादला गेले. हेडबाई सिस्टरांना उभ्यानंच विचारलं, की माझ्या लेकीचं नाव कुणाला विचारून बदललं? त्या म्हणाल्या, इथं कुणाचंच नाव बदलत नाही. मला पटलं नाही. मी म्हटलं, की मग फादरांनी तिच्यावर पाणी काऊन घातलं? पाणी म्हणताच त्या उठल्या अन् मला वर्गांच्या मागं घेऊन गेल्या.

तिथं पोरांना वाटून दिलेल्या रोपांची रांग आहे. ज्याचं रोप त्यानंच जगवायचं, अन् मेलं तर सगळ्या वर्गापुढं कारणही त्यानंच सांगायचं. फादरांनी झारीनं पहिलं पाणी घातलं ते या रोपांना. प्रीतीचं रोप जामाचं आहे.

हो मामा, जामाचं! आपल्याकडं त्याला पेरू कोण म्हणतं? उन्हाळ्यात पोर तुमच्याकडं आली अन् जाम मागून बसली, तेव्हा शुद्ध बोल म्हणत दिवसभर तिच्याकडून पेरू, पेरू घोकून कोणी घेतलं, ते मामींना विचारा.

आता तिला शाळेत धाडू ना? हे म्हणतात, की मामांचं पत्र येऊ दे.

मामींचा गुडघा अन् आमच्यावरचा जीव, दोन्ही जपा.

तुमची
नीलिमा


मुधोळ
१७ जुलै २०२५

चि. सौ. नीलिमास अ. उ. आ.

तुझ्या मामीनं पत्र मोठ्यानं वाचलं. मग शेजारच्या कौशल्याबाईंना बोलावून पुन्हा वाचलं. आता गल्लीत मला पेरूवाले वक्ते म्हणतात. चूक माझी. फादरांना नमस्कार सांग आणि पोरीला उद्याच शाळेत धाड.

पण मला गप्प केलं ते पेरूनं, फलकावरच्या आत्म्यानं नाही. सभेतल्या टाळ्यांवर माझा विश्वास नसतो, तो एका रोपावर कसा बसेल? सकाळी प्रार्थनेला सगळी मुलं डोळे मिटून उभी राहतात, हे मला माहीत आहे. त्या वेळी आपली प्रीती काय करते? सिस्टरांचं उत्तर नको, तुझंही नको. तिचं कळव. दुसऱ्यानं मिटा म्हटलं म्हणून ती निमूट डोळे मिटत असेल, तर देव कोणाचाही असो, दसऱ्याला मी तिला घ्यायला येणार.

संशयी म्हाताऱ्याला आपला म्हणत राहा.

केशवमामा


जैनथ
२३ जुलै २०२५

ती. स्व. मामांना शि. सा. न. वि. वि.

प्रीतीला विचारलं. म्हणाली, की आई, तुला राग येणार नसेल तर सांगते. प्रार्थनेला ती एकच डोळा मिटते. दुसऱ्यानं कोण कोण मिटत नाही ते बघते. एकदा समोर पाहते तर सिस्टरांचाही एक डोळा उघडा! दोघींची नजरानजर झाली. सिस्टरांनी बोट उगारलं, पण हसल्या. तेव्हापासून त्या तिकडून बघतात, ही इकडून.

असं काऊन करते म्हटलं, तर म्हणाली, की मामाआजोबांच्या भाषणातही ती हेच करते, अन् तिथं मामीआजी तर दोन्ही मिटून झोपलेली असते.

ह्यांना हसू आवरेना. दसऱ्याला तुम्ही या, पण तिला न्यायला नाही. सिस्टरांवर नजर ठेवायला तिथं आपलं माणूस हवंच की.

रोपाला नवी पालवी फुटली आहे. पहिलं फळ ती तुमच्यासाठी मुधोळला घेऊन येणार आहे. त्याला जाम म्हणायचं की पेरू, ते तिनं विचारलंय. पत्रानं कळवा. फोनवर नको.

तुमची
नीलिमा