वेगात वाजवलेल्या चालींची वाटणी

मी, शिलाई मशीन दुरुस्त करणारा, वय एकाहत्तर, ज्याला सगळी गल्ली भिंगरी म्हणते, डोकं ठिकाणावर असताना हे लिहीत आहे. लिहिण्याची बळजबरी कोणी केलेली नाही. एका जागी बसण्याची बळजबरी तेवढी वकीलबाई करत आहेत. परवा शनिवारी सकाळी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आणि संध्याकाळी आमच्या बँडचा कार्यक्रम आहे. डॉक्टर तारीख बदलत नाहीत, सभागृहवालेही बदलत नाहीत. म्हणून ही घाई.

कलम १. घर माझ्या एकुलत्या एक मुलीला. मागची खोली मात्र बँडच्या तालमींसाठी राहील. खिडकीची काच माझ्या मेहुण्याच्या ड्रममुळे तडकली आहे. तो हे कधीच कबूल करत नाही, म्हणून ती बदलू नये.

कलम २. दुकान आणि सगळी हत्यारं आमच्या बँडमधल्या बेस गिटारवाल्याला. त्याला आम्ही मौनी म्हणतो. दुकानात तो माझा भागीदारही आहे. गिऱ्हाइकाशी वाद घालत नाही, त्यामुळे माझ्या मागे धंदा बहुधा वाढेल. बारीक पेचकस परत डब्यात ठेवावेत, एवढं मी त्याला वीस वर्षं सांगतो आहे.

कलम ३. आमच्या बँडमध्ये गायक नाही. जुनी, सगळ्यांना पाठ असलेली गाणी आम्ही शब्दांशिवाय वाजवतो, तीही सर्फ पद्धतीने. म्हणजे तारा थरथरवायच्या, गिटारचा आवाज स्प्रिंगच्या डब्यातून घुमवत काढायचा आणि लाटेवर फळी टाकल्यासारखं सुसाट सुटायचं. आमच्यापैकी एकालाही पोहता येत नाही. तो स्प्रिंगचा डबा मेहुण्याला. लाथ मारली की गडगडतो, आणि लाथ मारायला मेहुण्याला निमित्त लागत नाही.

पाणी प्यायला उठलो होतो. वकीलबाई घड्याळाकडे बघत आहेत.

कलम ४. रेकॉर्ड प्लेअर मुलीला. सगळ्या चाली आम्ही त्याच्यावरच ऐकून बसवल्या. बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, गाणं आहे की गाडी सुटतेय?" तिने ती गाणी लहानपणी रेडिओवर ऐकली होती. ती गेल्यानंतर मुलीने प्लेअर उघडून पाहिला, तेव्हा कळलं की तो पहिल्यापासून जास्त वेगाने फिरत होता. जन्मभर लोकांची यंत्रं खोलणाऱ्या माणसाला घरातलं यंत्र उघडून बघावंसं वाटलं नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, आपण सगळं चुकीच्या वेगाने वाजवलंय."

"लोक नाचले ना?"

"आई नाही नाचली."

तरीही मला आमचाच वेग आवडतो, हे इथे नोंदवून ठेवतो.

कलम ५. गिटार मुलीला. ती माझ्यापेक्षा चांगली वाजवते. हे मी तिला कधी तोंडावर सांगितलेलं नाही. अट एकच: चाली माझ्याच वेगाने वाजवाव्यात.

घोडं इथेच अडलं आहे. शनिवारी माझ्या जागी वाजवायला ती तयार आहे, पण आईला माहीत होती तशी, संथ. मेहुणा म्हणतो, "भाऊजी, एवढं हळू वाजवायचं तर मी ड्रमवरच घोरेन. त्यापेक्षा कार्यक्रम रद्द करू." रद्द केला तर ते सभागृह आम्हाला पुन्हा विचारणार नाही, आणि आम्हाला विचारणारं दुसरं कोणी उरलेलं नाही. मग बँड संपलाच. ऑपरेशनपेक्षा मला याचीच धास्ती जास्त आहे.

वकीलबाईंना विचारलं, ही अट टिकेल का. त्या म्हणाल्या, "अट राहू द्या. मृत्युपत्र तुम्ही गेल्यावरच लागू होतं. शनिवारी तुम्ही जिवंत असलात तर गिटार तुमचीच."

"म्हणजे पेटीतच पडून राहणार?"

"कायद्याने तसंच."

तेवढा दम मला कुठला! उठलो, गिटार काढली आणि मुलीच्या हातात दिली. ती मागच्या खोलीत गेली आणि तिच्या आईची आवडती चाल वाजवू लागली. इतकी हळू, की तिच्या एका सुरात माझी बोटं खिशातल्या खिशात चार सूर वाजवून मोकळी झाली. पण त्या मधल्या जागेत मला बायकोचं गुणगुणणं आठवलं. इतकी वर्षं मी वाजवत असताना ते मला ऐकूच येत नव्हतं. मला रडू आलं. वकीलबाईंनी पाहिलं आहे, त्यामुळे लपवत नाही.

कलम ६. वरची अट रद्द. गिटार आजपासून, मी जगलो तरी आणि मेलो तरी, मुलीची. कार्यक्रम होईल. सुरुवात ती करेल आणि मेहुण्याने तिच्या मागून जायचं, पुढे पळायचं नाही. मी वाचलो आणि तालमीत घाई करू लागलो, तर मला खोलीबाहेर काढावं.

सही: भिंगरी
साक्षीदार: १. वकीलबाई २. शेजारचे दातांचे डॉक्टर
ठिकाण: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा गुरुवार

(मेहुण्याला या पत्राने वस्तू मिळते, म्हणून त्याला साक्षीदार होता येत नाही. तरी त्याने हट्टाने खाली लिहिलं आहे.)

भाऊजी, आत्ता पोरीच्या मागून वाजवून पाहिलं. इतकं हळू वाजवून हात भरून आले. शनिवारी वाजवतो. तुम्ही मरू नका.