एकदा वाचलं की झालं?

प्रिय दीडशहाण्या,

आमचा प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या तुझ्या कंपायलरने आज माझं डोकं उठवलं, आणि तू तिकडच्या ऑफिसात बसून 'माझं काम तपासून झालंय' असा निरोप धाडतोस. तुझी सुधारणा अशी: फंक्शनने, प्रोग्रामच्या एखाद्या तुकड्याने, स्टॅकवरचा म्हणजे मेमरीतल्या स्वतःच्या कप्प्यातला एखादा आकडा एकदा वाचला, मधे कुणी तो बदलला नसेल, तर पुन्हा मेमरीपर्यंत जायचं नाही, हातातलाच वापरायचा. हेलपाटा वाचतो, प्रोग्राम पळतो. उत्तम. पण त्या जागेचा पत्ता आपणच दुसऱ्या फंक्शनला देऊन ठेवला असेल तर? त्याने तिथे नवा आकडा लिहिला, आणि तुझा कंपायलर जुनाच कवटाळून बसला. सगळी टीम माझ्या टेबलाभोवती, चहा गार, आणि प्रोग्राम आपला तो आकडा बदलायची वाट बघत गोल गोल फिरतोय. तू काढून टाकलेलं ते एक वाचन मी परत घातलं, तेव्हा कुठे तो पुढे सरकला.

मला नवल वाटायला नको होतं म्हणा. तू आहेसच तसा. घर सोडताना बाबा रागाने म्हणाले, "पुन्हा या दारात पाऊल टाकू नकोस." ते एकदा ऐकलंस आणि धरून बसलास. मधे काय बदललं ते बघायला फिरकला नाहीस. तुझ्या खोलीतलं टेबल त्यांनी स्वतः पॉलिश केलं. तुझी सायकल मी विकायला काढली तर माझ्यावरच डाफरले. मी हे फोनवर सांगायला गेले की तू विषय बदलतोस. आपणहून तुला फोन करायचा तर बाबांना कमीपणा वाटतो. दोघेही एकाच माळेचे मणी, आणि मधल्यामधे मरण माझं.

एका बाबतीत मात्र ते तुझ्या अगदी उलट. रोज संध्याकाळी मी चपला काढते न काढते तोच विचारायचे, त्याचं यायचं काही कळलं का? उत्तर रोज तेच, नाही. तुझ्या नियमाने हा शुद्ध फुकटचा हेलपाटा. मीही वैतागून म्हणायचे, बाबा, कळलं तर मीच सांगेन ना. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

कंपायलरचं मी निस्तरलंय, त्यासाठी हे पत्र नाही. आज घरी आले, चपला काढल्या, मुद्दाम जरा दारातच रेंगाळले. बाबा खिडकीशी बसले होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि काहीच विचारलं नाही. मला भीती वाटतेय रे. तू ये.

तुझीच, अजून रागावलेली,
ताई